पासवर्डच्या रकान्यातली राखाडी अक्षरं

चार वर्षांपूर्वी सुरतच्या रिंग रोडवरच्या एका साडी व्यापाऱ्यासाठी मी ऑर्डरची वेबसाइट करून दिली. बाहेरगावच्या आढतियांनी मोबाइलवरून लॉगिन करायचं, डिझाइन बघायची, किती नग हवेत ते टाकायचं, एवढंच तिचं काम. लॉगिनच्या पानावर मी फार खूश होतो. पांढरंशुभ्र पान, दोनच रकाने, आजूबाजूला एक शब्द नाही. जी काही सूचना द्यायची ती रकान्याच्या पोटात, फिकट राखाडी अक्षरांत. नवा पासवर्ड ठेवायच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘किमान ८ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह’.

पहिल्याच दिवशी दुकानात हिशेब बघणाऱ्या मेहताजींचा फोन आला. माणूस मूळचा अमळनेरकडचा, पण उभं आयुष्य लिंबायतमध्ये गेलेलं. “भाऊ, ते राखाडी अक्षरं कुठं गेले? मी एक अक्षर टाकलं अन् सगळं पुसलं गेलं.” मी समजावलं, काका, पुसलं नाही, तुम्ही लिहायला लागलात म्हणून ते गेलं. रकाना रिकामा करा, परत येईल. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, “म्हणजे वाचायचं असलं तर लिहिलेलं खोडायचं?”

संध्याकाळी दुकानात गेलो, तर त्यांनी आपला उपाय शोधून ठेवला होता. सूचना एका जुन्या चलनाच्या पाठीवर उतरवून घेतली होती आणि पुन्हा घोळ नको म्हणून तिच्याखाली पासवर्डही स्वच्छ अक्षरात लिहिला होता. ते चलन गल्ल्यामागच्या तारेला टोचलेलं होतं. मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांना वाचता येईल असं.

चूक मेहताजींची नव्हती, माझी होती. तेव्हापासून जे शिकलो ते इथं लिहितो आहे. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी तर आहेच, पण पतपेढी, शाळा, ज्ञातिमंडळ, दुकान अशा ठिकाणी जे दुसऱ्याकडून फॉर्म बनवून घेतात त्यांच्यासाठी जास्त. पान ‘छान दिसतंय’ म्हणून पास करणारे तेच असतात.

या राखाडी मजकुराला प्लेसहोल्डर म्हणतात. रकाना रिकामा आहे तोवर दिसायचं आणि पहिलं अक्षर पडलं की जायचं, एवढंच त्याला येतं. नावाच्या रकान्यात तो गेला तरी फारसं बिघडत नाही, कारण ‘पाटील’ लिहिलेलं दिसलं की तिथं आडनाव मागितलं होतं हे कोणालाही कळतं. दहा आकडे दिसले की तो मोबाइल नंबर. पासवर्डच्या रकान्यात मात्र सूचना जाते ती जातेच, वर आपण लिहिलेलंही ठिपक्यांमागं दडतं. काय मागितलं होतं ते दिसत नाही आणि काय दिलं तेही दिसत नाही. चिठ्ठी खिशातून काढून घ्यायची आणि डोळ्यांवर पट्टीही बांधायची, असा हा प्रकार. म्हणून बाकी रकान्यांत प्लेसहोल्डरचा जो त्रास थोडा असतो तो इथं दुप्पट होतो.

ही सोय ब्राउझरमध्ये आली तीही फार जुनी नाही. ती ज्याचा भाग आहे ते एचटीएमएल ५ अधिकृत मानक झालं ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि इंटरनेट एक्सप्लोररला प्लेसहोल्डर समजू लागला तो २०१२ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून. त्याआधी आमचा जुगाड असे. साध्या रकान्यात ‘नाव’ हा शब्द खऱ्या मजकुरासारखा भरून ठेवायचा आणि माणसानं तिथं क्लिक केलं की पुसायचा. पासवर्डच्या रकान्यात हे चालेना. तिथं भरून ठेवलेला ‘पासवर्ड’ हा शब्दसुद्धा ठिपके होऊनच दिसायचा. मग युक्ती निघाली, की रकाना आधी साधा ठेवायचा आणि क्लिक होताच त्याचा प्रकार बदलून पासवर्डचा करायचा. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररनं तीही हाणून पाडली, कारण पानावर एकदा आलेल्या रकान्याचा प्रकार तो बदलू देत नसे. शेवटी दोन रकाने एकावर एक ठेवायचे ठरलं. वरचा साधा, त्यात ‘पासवर्ड’ हा शब्द. खालचा खरा. क्लिक झालं की वरचा लपवायचा आणि खालचा पुढं आणायचा. एका शब्दासाठी एवढी सर्कस, आणि ती आम्ही अभिमानानं करायचो.

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, पण ती रकान्यांची जोडी जुन्या साइटवर अजून सापडते. तुमच्याकडे असेल तर काढून टाका. फोनमधल्या पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपला खरा रकाना कोणता ते कळत नाही. आणि नेट मंद असताना पानाची स्क्रिप्ट आलीच नाही, तर माणूस वरच्या उघड्या रकान्यात आपला पासवर्ड लिहून बसतो.

आज ब्राउझर सगळे चांगले झाले आहेत, पासवर्डच्या रकान्यात प्लेसहोल्डर एका ओळीत दाखवता येतो. म्हणून दाखवायचा का, एवढाच प्रश्न उरतो. माझं उत्तर असं: पासवर्डच्या रकान्याचं पोट रिकामं ठेवा. नाव रकान्याच्या वर लिहा, सूचना खाली लिहा, दोन्ही कायम दिसू द्या. हा माझ्या एकट्याचा हट्ट नाही. एचटीएमएलच्या मानकातच बजावलेलं आहे, की प्लेसहोल्डर लेबलच्या जागी वापरू नये.

आता वर काय लिहायचं? इथं आपल्या गावाचा विचार करावा लागतो. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. एकाच मार्केटमध्ये मालक गुजराती, मेहताजी खानदेशी, पार्सल बांधणारा उत्तर भारतातला आणि लूम चालवणारा गंजामचा, हे रोजचं चित्र. एक ‘नाखो’ म्हणेल, दुसरा ‘टाका’, तिसरा ‘डालिए’. त्यामुळं क्रियापद गाळलं तरी चालतं. ‘पासवर्ड’ हा शब्द सगळ्यांना सारखा कळतो. ‘परवलीचा शब्द’ मला मनापासून आवडतो, त्याला किल्ल्याच्या दरवाजाचा वास आहे. पण लॉगिनच्या पानावर तो लिहिलात तर उधन्याचा पोरगा शेजाऱ्याला विचारायला जाईल. ‘संकेतशब्द’ तर परवलीइतकाही ओळखीचा नाही.

पण नुसतं ‘पासवर्ड’ लिहूनही भागत नाही, हे मला घरी साड्यांना लेस-पट्टी लावणाऱ्या बायकांनी शिकवलं. लिंबायत, डिंडोली भागात हे काम घरोघर चालतं. एका ठेकेदारानं त्यांच्या हिशेबासाठी छोटी साइट करून घेतली होती. लॉगिनला वर ईमेल, खाली पासवर्ड. नाव नोंदवताना निम्म्या जणींनी खालच्या रकान्यात आपल्या ईमेलचाच पासवर्ड टाकला. त्यांचं तर्कशास्त्र बिनचूक होतं: वर ईमेल मागितला, त्याच्याखाली पासवर्ड मागितला, म्हणजे ईमेलचाच की! एक ताई मला म्हणाल्या, “दादा, मला वाटलं तुम्ही माझी मेल उघडून बघणार.” एवढं वाटूनही त्यांनी तो दिला, याची मला जास्त काळजी वाटली. त्या दिवसापासून मी लेबलात लिहितो: ‘या साइटसाठी नवा पासवर्ड’. आणि खाली: ‘बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड इथं देऊ नका’. ही ओळ प्लेसहोल्डरमध्ये असती तर पहिल्या अक्षरालाच गेली असती, नेमकी हवी तेव्हाच.

सूचना नेमकी असणं म्हणजे काय, याचा धडा घ्यायचा तर ई-आधारची फाइल उघडून बघा. पीडीएफ पासवर्ड मागतं. तो असतो नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्माचं साल. नियम सोपा आहे, पण आपण गुजरात-महाराष्ट्रातली माणसं आडनाव आधी लिहिणारी. सुनीता पाटील यांच्या आधारवर नाव ‘पाटील सुनीता’ असं छापलं असेल तर चार अक्षरं ‘पाटील’ची, ‘सुनीता पाटील’ असेल तर ‘सुनीता’ची. झेरॉक्सच्या दुकानात बसा, रोज कोणीतरी याच चार अक्षरांपाशी अडलेलं दिसेल. आणखी एक गंमत: ‘पहिली चार अक्षरं’ असं मराठीत सांगितलं की माणूस सु-नी-ता मोजतो आणि म्हणतो, माझ्या नावात तीनच आहेत. तुमची संस्था सभासदांना पासवर्ड घातलेलं बिल किंवा उतारा पाठवत असेल, तर उघडण्याची रीत ज्या मेसेजमधून फाइल जाते त्यातच लिहा, आणि ती अशी लिहा: ‘पासबुकावर जसं छापलं आहे तसं नाव, त्यातली पहिली ४ इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये’. पीडीएफच्या पासवर्डच्या खिडकीत तुम्हाला एक शब्दही लिहिता येत नाही, म्हणून बाहेर लिहायचं ते पक्कं लिहा.

अक्षर म्हणजे काय, हा प्रश्न देवनागरीत पासवर्ड चालू दिलात तर आणखी अवघड होतो. ‘श्रीराम’ ही आपल्या डोळ्याला तीन अक्षरं. कॉम्प्युटर मात्र श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, र, काना, म अशी सात मोजतो. आठ अक्षरांची अट असेल तर वापरणारा म्हणेल मी तीनच टाकली, आणि साइट म्हणेल एकच कमी पडतंय. बरं, ठिपके सात दिसतात, तेही त्याला कळत नाही. साठवताना तुमचा प्रोग्रामर बीक्रिप्ट वापरत असेल तर त्यात फक्त पहिले ७२ बाइट धरले जातात, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे २४ चिन्हांपुढचं सगळं वाया. माझा सल्ला: देवनागरी अडवू नका, पण मोजणी कशी करता ते पाहून ठेवा आणि सूचनेत उदाहरण द्यायचा मोह टाळा.

उदाहरणाचा मोह टाळा हे इतर ठिकाणीही लागू आहे. प्लेसहोल्डरमध्ये एखादा नमुन्याचा पासवर्ड लिहिला की दहातले काही जण हाच आपल्याला दिलेला पासवर्ड आहे असं समजून तोच टाकतात. याहून वाईट म्हणजे नुसत्या ठिपक्यांचा प्लेसहोल्डर. रेडिमेड डिझाइनमध्ये हा सर्रास असतो, आठ राखाडी ठिपके. बघणाऱ्याला वाटतं फोननं पासवर्ड भरून दिला, आणि तो थेट बटण दाबतो. पान सांगतं, पासवर्ड भरा. तो म्हणतो, भरलेला तर आहे! प्रोफाइल दुरुस्त करायच्या पानावर हाच घोळ उलटा होतो. तिथं रकाना रिकामा ठेवा आणि खाली लिहा: ‘बदलायचा असेल तरच भरा’.

खालच्या सूचनेबद्दल. ती लहान करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे अटीच कमी करणं. माझ्या त्या जुन्या साइटवर चार अटी होत्या, म्हणून ओळ लांब झाली, आणि मेहताजींच्या साध्या फोनवर ‘एक आकडा, ए…’ इथंच कापली जात होती. एका ओळीच्या रकान्यात प्लेसहोल्डर खालच्या ओळीत उतरत नाही, जागा संपली की संपला. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेनं २०१७च्या मार्गदर्शिकेत कॅपिटल-आकडा-चिन्ह या सक्तीलाच नको म्हटलं, दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणंही नको म्हटलं, आणि किमान ८ अक्षरं व ६४पर्यंत मुभा असावी असं सुचवलं. ते मानलं तर सूचना अशी उरते: ‘१२ किंवा जास्त अक्षरं. दोन-तीन शब्द जोडले तरी चालेल’. मी बारा लिहितो, आठ मला कमी वाटतात. लांबी भरली की सूचनेशेजारी बरोबरची खूण येऊ द्या, लिहिता लिहिताच. बटण दाबल्यावर लाल अक्षरात ‘पासवर्ड अवैध’ असं ओरडू नका, काय कमी पडलं ते सांगा.

डोळ्याचं बटण द्या. लिहिलेलं पाहू देणं हे सुरक्षेच्या विरोधात आहे असं अनेक मालकांना वाटतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी तर २००९ सालीच हे ठिपके दाखवणं थांबवा असं लिहिलं होतं. मी इतकं पुढं जात नाही, कारण मार्केटच्या गाळ्यात तुमच्या खांद्यावरून बघणारे चार डोळे कायम असतात. पण उघडायचं की झाकायचं हे लिहिणाऱ्याला ठरवू द्या. आपल्याकडे याचं एक खास कारण आहे. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. काही कीबोर्ड आकडेही देवनागरी देतात. ठिपक्यांत देवनागरी चार आणि इंग्रजी चार दिसायला सारखेच, साइटला मात्र ते वेगळे. माणूस बरोबर पासवर्ड पाचदा टाकतो आणि खातं बंद पडतं. डोळा असता तर एका नजरेत कळलं असतं.

पेस्ट बंद करू नका. कुठंतरी वाचून काही जण हे ‘सुरक्षेसाठी’ करतात, आणि परिणाम एवढाच होतो की लोक छोटे, सोपे पासवर्ड ठेवतात. आखाजीला गावी जायचं असतं, उधना-भुसावळ गाड्यांना मरणाची गर्दी असते, स्लीपरचं तत्काळ अकराच्या ठोक्याला उघडतं. अशा वेळी ठिपक्यांच्या मागं एकेक अक्षर चाचपडत कोण बसेल? फोननं भरून दिलेला पासवर्ड चटकन बसला पाहिजे. त्यासाठी रकान्याला ऑटोकंप्लीटची खूण द्यावी लागते: लॉगिनला ‘करंट-पासवर्ड’, नवा ठेवताना ‘न्यू-पासवर्ड’. ही दोन नावं तुमच्या प्रोग्रामरला विचारा. त्याला माहीत नसतील तर हा लेख दाखवा.

काही जण मधला मार्ग सुचवतात. प्लेसहोल्डरसारखी दिसणारी अक्षरं, जी लिहायला लागलं की बारीक होऊन रकान्याच्या वरच्या कडेला जाऊन बसतात. २०१३च्या सुमारास ही टूम निघाली आणि पुढं गुगलच्या डिझाइनमुळं सगळीकडे झाली. इंग्रजीत ती बरी दिसते. देवनागरीत नाही. आपल्या अक्षराला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असतो, बारीक केलं की ‘र्की’ आणि ‘की’ सारखेच दिसतात, आणि रकान्याची उंची इंग्रजीवरून ठरवलेली असल्यानं मात्रांचे शेंडे कापले जातात. त्यातून सूचनेला जागा मिळत नाही ती नाहीच.

आणि तरीही तुम्हाला इतर रकान्यांत प्लेसहोल्डर ठेवायचाच असेल, तर रंग तरी वाचता येईल असा ठेवा. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे मजकूर आणि पार्श्वभूमी यांचं प्रमाण निदान ४.५ : १ हवं. पांढऱ्यावर राखाडी घ्यायचा तर ७६७६७६ हा त्या मर्यादेतला जवळजवळ सगळ्यात फिकट राखाडी. याहून फिकट नको. फायरफॉक्स प्लेसहोल्डर स्वतःहून थोडा पारदर्शक करतो, तेवढं सीएसएसमध्ये ‘ओपॅसिटी १’ लिहून बंद करा. एसीच्या ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर रंग पास करू नका. दुपारी एक वाजता टेम्पोशेजारी उभं राहून, हातात फोन धरून पास करा.

ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी हा विषय रंगाच्या पलीकडचा आहे. फोन वाचून दाखवणारं टॉकबॅक, कॉम्प्युटरवरचं मोफत मिळणारं एनव्हीडीए, ही साधनं लेबल नीट वाचतात. प्लेसहोल्डरवर मात्र भरवसा ठेवता येत नाही, कधी वाचला जातो, कधी नाही. लेबल रकान्याला ‘फॉर’नं बांधलेलं हवं आणि खालची सूचना ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’नं. ही मेहरबानी नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ॲसिड हल्ला झालेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

माझी जुनी साइट मी महिन्याभरात बदलली. पान आता पूर्वीइतकं देखणं नाही. दोन रकाने आहेत, वर नावं आहेत, खाली सूचना आहेत, उजवीकडे डोळा आहे. व्यापारी म्हणाला, जरा गर्दी झाली. मेहताजी काही म्हणाले नाहीत. त्यांनी नवा पासवर्ड ठेवला, तारेवरचं चलन काढलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

तुमच्या संस्थेचं, दुकानाचं लॉगिनचं पान आज फोनवर उघडा. पासवर्डच्या रकान्यात एकच अक्षर टाका आणि हात बाजूला घ्या. पानावर जे उरलं असेल तेवढ्यावर तुमच्या आईला पुढं लिहिता येईल का, बघा. येत नसेल तर पान करणाऱ्याला उद्या सकाळी फोन करा. काम अर्ध्या तासाचं आहे.